पोराला पहिली रायफल कोणती घ्यावी?



या पानावर एरवी भात, वाल, मुळा आणि खाडीचं खारं पाणी याशिवाय काही नसतं. आज बंदुकीवर लिहितोय. विषय शेतातूनच आलाय, म्हणून इथेच लिहितो.

माझा भाचा बोरिवलीत राहतो. वय सोळा. त्याला शिकारीची रायफल हवी आहे. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघतो. तिकडे बाप पोराला बारा-चौदाव्या वर्षी पहिली रायफल घेऊन देतो आणि दोघं मिळून हरणामागे रानात जातात. दाजींचं गाव राजापूर तालुक्यात. तिथे भाच्याच्या काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. सुट्टीत गावी जायचं आणि रात्री काकांबरोबर डुकरामागे पारधीला जायचं, असा त्याचा बेत. सराव कुठे करायचा? तर माझ्या गोराईच्या वाडीत. "मामा, तुझे पोपट पण जातील ना त्यात," हे वर. दाजी पैसे द्यायला तयार आहेत. फक्त कोणती घ्यायची तेवढं मी सांगायचं.

असे भाचे-पुतणे आता घरोघरी झालेत. त्यात शेतकऱ्यांची पोरं जास्त, कारण त्यांच्या घरात बंदूक हा शब्द नवा नाही. म्हणून माझं मत उघडपणे लिहून टाकतो : पोराला नेम धरायला जरूर शिकवा. त्याची पहिली रायफल साडेचार मिलिमीटरची, कमी ताकदीची, दुर्बीण न लावलेली एअर रायफल असावी. ती कागदावर चालावी, जिवावर नाही. आणि ती विकत घेण्याआधी सहा महिने पोरानं दुसऱ्याची चालवलेली असावी.

आता एकेक सांगतो.

आधी शिकारीचं. आपल्या देशात हौसेची शिकार बंद आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा थोडीफार परवान्याची सोय शिल्लक होती, १९९१ च्या दुरुस्तीत तीही गेली. त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही. जखमी करणं, पकडणं, सापळा लावणं, विष घालणं, घरटं मोडणं, अंडी फोडणं, आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न करणं, सगळं शिकारीत येतं. शेतात दिसणारे जवळजवळ सगळे पक्षी संरक्षित यादीत आहेत. म्हणजे माझ्या पेरूवरच्या पोपटावर छर्रा झाडणं हा गुन्हा आहे. पोपट पडला नाही तरी गुन्हा आहे. वाडी माझी, पेरू माझा, पोपट मात्र माझा नाही.

आमच्या उपनगरात तर आणखी एक गोष्ट आहे, जी फार लोकांना ठाऊक नसते. याच कायद्याचं कलम ३४ बघा. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवीन शस्त्रपरवाना द्यायचा असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते, आणि हेच कलम राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. आता नकाशा घ्या आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीपासून दहा किलोमीटर मोजा. बोरिवली आत, मुलुंड आत, अंधेरी आत, खाडीपलीकडची आमची गोराईही आत. घाटकोपर-मुलुंडच्या पूर्वेला ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, ते आणखी वेगळं. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो, पण वाट अशी जंगल खात्याच्या दारावरून जाते. आणि उद्यानात परवानगीशिवाय कुठलंही शस्त्र घेऊन शिरता येत नाही. "मागच्या टेकडीवर जाऊन जरा नेम बघून येतो" असं म्हणणाऱ्या बोरिवली-मुलुंडच्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं. मागची टेकडी म्हणजे नॅशनल पार्क आहे, बाबा.

मग कोकणातल्या काकांच्या बंदुकीचं काय? तिची गोष्ट निराळी, आणि तिच्याबद्दल शहरातले लोक बोलतात तेव्हा मला राग येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ठासणीची बंदूक हे शेतीचं अवजार आहे. कोयता, पंप, फवारा, तशीच ती. भात पोटरीला आलं की रानडुकरांचा कळप एका रात्रीत दळा झोपवतो. खातो थोडं, लोळून नासवतो जास्त. ज्यानं पहाटे तो दळा बघितलाय त्याला प्राणिप्रेमाचे धडे देऊ नयेत.

पण त्या बंदुकीचा कायदा नीट समजून घ्या, कारण तो रायफलीच्या प्रश्नाचं उत्तर आपणहून देतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३ सांगतं की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी परवाना मिळतो तो ठासणीच्या बंदुकीला. ठासणीची पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी बंदूक मिळू शकते, पण तीही आतून गुळगुळीत नळीची. रायफल म्हणजे जिच्या नळीला आतून पेच पाडलेले असतात, गोळी फिरत जाते आणि लांब जाते. ती या यादीत नाही. रायफलीचा उल्लेख त्याच कलमात लगेच पुढे येतो : मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला निशाणेबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू किंवा एअर रायफल. म्हणजे साध्या माणसाच्या पहिल्या रायफलीची जागा कायद्यानंच ठरवून ठेवलीय, आणि ती जागा रान नव्हे, क्लब आहे. मला हे शहाणपणाचं वाटतं. कोकणात वाडीला वाडी लागून आहे. पॉइंट टू-टूची एवढीशी गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते, तसा इशाराच तिच्या खोक्यावर छापलेला असतो. भाताच्या दळ्यापासून दीड मैलात किती घरं येतात ते ज्यानं त्यानं मोजावं.

दुसरं, वय. २१ पूर्ण झाल्याशिवाय बंदुकीचा परवाना नाही. त्याखालच्या मुलांना सरावाची मुभा आहे, पण नियमांच्या चौकटीत, जाणत्याच्या देखरेखीखाली, रेंजवर. रात्री अकराला काजूच्या बागेत ती मुभा लागू होत नाही. काका शेजारी उभे असले तरी नाही. परवाना काकांच्या नावावर आहे.

तिसरं, डुक्कर मारायलाही कागद लागतो. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी कलम ११ खाली वनखात्याचा अधिकृत अधिकारी देऊ शकतो. २०१५ च्या शासन निर्णयानं रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी वनक्षेत्रपालांकडे अर्ज करायची पद्धत घालून दिली. मारलेलं डुक्कर सरकारजमा असतं. त्याचं मटण वाटून घेतलं की संरक्षण संपलं आणि शिकार सुरू झाली. हे लिहिल्यावर कोकणातले निम्मे वाचक गालात हसणार, ठाऊक आहे. हसा. पण कोर्टात उभं राहायची वेळ आली की वाटा घेणारे दहाच्या दहा जण गायब असतात.

आणि रात्रीच्या पारधीत माणसं मरतात. दरवर्षी कुठे ना कुठे बातमी येतेच : झाडी हलली, डुक्कर समजून बार काढला, पलीकडे आपलाच सोबती होता. रान उठवणारा कुठे आहे हे बार काढणाऱ्याला ठाऊक नसतं. कपाळावर बॅटरी, पोटात थोडी घेतलेली, आणि हातात अशी बंदूक की एकदा बार गेला की दुसरा भरायला वेळ लागतो, म्हणून पहिला वाया जाऊ नये याची घाई. सोळा वर्षांच्या पोराला यात उभं करायचं? मी दाजींना फोनवर एवढंच म्हटलं, "दाजी, तुम्ही स्वतः गेलायत का कधी?" ते गेलेले नाहीत. त्यांच्या भावानं सांगितलेल्या गोष्टी त्यांनी ऐकल्यात.

सरकारवरही मी नाराज आहे, तेही लिहितो. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा आदेश निघतो. २०२४ साली लोकसभेचं मतदान रत्नागिरी-सिंधुदुर्गात ७ मे ला झालं, म्हणजे आंबा-काजूच्या ऐन दिवसांत, आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला, म्हणजे आचारसंहिता लागली तेव्हा भात उभं होतं. छाननी समिती असते, सूट मागता येते, सगळं कागदावर आहे. पण डोंगरातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं कुठल्या कचेरीत किती खेपा घालायच्या? डुकराला आचारसंहिता नाही. शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीला वेगळी वागणूक द्यायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण ते काकांच्या बंदुकीबद्दल. पोराच्या रायफलीबद्दल माझ्या डोक्यात वेगळंच उदाहरण आहे, आणि ते आपल्या मुंबईतलंच आहे.

सालिम अली. १८९६ चा जन्म. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी खेतवाडीत वाढले. मामा स्वतः शिकारी. त्यांनी भाच्याला खेळण्यातली म्हणावी अशी एअरगन दिली. (मामानं भाच्याला द्यायची पहिली बंदूक, हा विषय इतका जुना आहे!) पोरगा तिनं चिमण्या मारायचा. सुट्टीत सगळं कुटुंब चेंबूरला जायचं, तेव्हा चेंबूर म्हणजे रानच. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खायला चालते का, असं त्यानं मामांना विचारलं. मामांना सांगता येईना. त्यांनी काय केलं, तर चिठ्ठी देऊन पोराला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलर्ड साहेब. त्यांनी ती पीतकंठी चिमणी आहे हे ओळखलं आणि कपाट उघडून भुसा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले. साल साधारण १९०८. पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे.

ही गोष्ट सांगताना लोक बंदूक आणि पश्चात्ताप असा काहीतरी बोध काढतात. तसं काही नव्हतं. सालिम अलींनी पुढेही अभ्यासासाठी पक्षी मारले, त्या काळी अभ्यास तसाच व्हायचा. मला त्यात दुसरंच दिसतं. हा पोरगा लहानपणापासून टिपण ठेवत होता. त्याचं एक टिपण प्रसिद्ध आहे : घरट्यावर मादी बसलेली, बाहेर नर बसलेला. त्यानं नर मारला. थोड्या वेळात मादीनं दुसरा नर आणला. तोही मारला. सात दिवसांत आठ नर. क्रूर वाटतं वाचताना. पण पोरानं ते मोजलं, लिहिलं, आणि मादीपाशी दर वेळी नवा नर हजर होतो ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली. त्याच माणसानं १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला सुगरणीचा अभ्यास केला. नर एकामागून एक खोपे विणतो आणि एकापेक्षा जास्त माद्यांशी संसार थाटतो, हे नीट नोंदवलं. तेव्हा त्यांना बंदूक लागली नाही. शिडी, वही आणि सबुरी लागली.

म्हणून भाच्याला मी सांगितलं की रायफलीच्या आधी वही घे. त्याला ते फारसं आवडलं नाही.

शेतकऱ्यानं यात का पडावं? कारण एअरगनवाली पोरं आधी काय मारतात ते बघा. तारेवर, बांबूवर उघडा बसणारा पक्षी. म्हणजे कोतवाल, वेडा राघू, खंड्या. कोतवाल दिवसभर नाकतोडे आणि पतंग टिपत असतो. हरभऱ्यात घाटेअळीसाठी आपण पक्षीथांबे लावतो ते त्याच्याचसाठी. एकीकडे थांबे लावायचे आणि दुसरीकडे थांब्यावर बसलेल्यालाच पाडायचं, ही कसली शेती? सुगरण आणि मुनिया दुधात आलेलं भात चोखतात, हे खरं. मी नाकारत नाही, माझ्या खाडीकडच्या तुकड्यात ते नुकसान दरसाल असतं. पण सुगरणीची पिल्लं किडे खाऊन वाढतात, आणि तो हिशेब कोणी मांडत नाही. पिंगळा आणि गव्हाणी घुबड उंदरांवर जगतात. खाडीच्या बांधात उंदीर बीळ करतो आणि बीळ झालं की खारं पाणी आत. आमच्याकडे घुबड म्हणजे बांधाचा राखणदार आहे.

मुंबईचेच हुमायून अब्दुलअली होते, पक्कं शिकारीचं वेड असलेला माणूस. पण १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा तयार होण्यात त्यांचा हात होता. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात थांबावी म्हणूनही त्यांनी आवाज उठवला, आणि १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. भातखाचरातला बेडूक किती किडे खातो हे शेतकऱ्याआधी एका शिकाऱ्यानं लोकांना सांगितलं, याची मला थोडी लाज आणि बरंच कौतुक वाटतं. शिकाऱ्याची नजर वाईट नसते. ती कशावर लावायची एवढाच प्रश्न.

आता खुद्द रायफल. मी कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू चालवलेली आहे, आणि त्यानंतर नेमबाजी शिकवणाऱ्यांकडे बसून जे ऐकलं ते सांगतो.

परवान्याशिवाय मिळणाऱ्या एअर रायफलीची मर्यादा अशी : नळी ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंत, आणि ताकद वीस ज्यूलपर्यंत. त्यावरच्या सगळ्याला परवाना लागतो. दुकानदार "ही जरा पॉवरफुल आहे, चालून जातं" असं म्हणायला लागला की उठून बाहेर पडा. सज्ञान पालकाच्या नावावर, रीतसर पावती घेऊन घ्या. आणि नेताना पिशवीत बंद करून न्या. लोकलमध्ये किंवा गोराईच्या बोटीवर उघडी रायफल खांद्याला लावून उभ्या असलेल्या पोराकडे पोलीस आधी बघतील, परवाना लागतो की नाही ते नंतर.

ताकदीचा हव्यास नको. स्प्रिंगच्या रायफलीला नळी मोडून दाबावी लागते. जितकी ताकद जास्त तितका जोर जास्त. चौदा-पंधरा वर्षांचं पोर वीस वेळा दाबून थकतं आणि एकविसाव्या वेळी हात थरथरतो. नेम तिथेच संपला. शिवाय स्प्रिंगची रायफल दोन्हीकडे हिसका देते, आधी मागे, मग पुढे. ती घट्ट आवळून धरली की छर्रे चाळणीसारखे पांगतात. सैल, पण दर वेळी तश्शीच धरायची असते. हे जमायलाच महिना जातो.

माप बघा. शर्ट घेताना बघतो तसंच. दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या खोबणीत टेकवला तर बोटाचं पेर चापापर्यंत सहज पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर दस्ता लांब आहे. मोठ्या माणसाची रायफल "वाढत्या अंगाची" म्हणून घेतली की पोर मान वाकडी करून नेम धरायला शिकतं, आणि ती खोड पुढे काढता काढता शिकवणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. वजन असं असावं की खांद्याला लावून मिनिटभर धरली तरी पुढचा हात खाली येऊ नये.

कोणता डोळा प्रबळ आहे तेही तपासा. दोन्ही हात लांब करून बोटांचा छोटा त्रिकोण करायचा, त्यातून लांबचं नारळाचं झाड बघायचं आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटायचा. जो उघडा असताना झाड जागेवर राहतं तो प्रबळ. उजव्या हाताचं पण डाव्या डोळ्याचं पोर असतं, आणि ते वर्षभर चुकत राहतं, बापाला कारण कळत नाही.

दुर्बीण लावू नका. भाच्याचा सगळा जीव तिच्यातच आहे. पण आधी माशी आणि मागची खाच, किंवा गोल भोकाची पीप, यांच्यावर शिकावं. दुर्बिणीतून सगळं जवळ दिसतं म्हणून पोराला वाटतं आपल्याला येतंय. आणि स्प्रिंगच्या दुहेरी हिसक्यानं स्वस्तातली दुर्बीण लवकर खिळखिळी होते, ते वेगळंच. एका वेळी एकच छर्रा भरता येणारी घ्या. पुन्हा भरावी लागली की पोर विचार करतं.

छर्रा न भरता चाप ओढायचा नाही, स्प्रिंगच्या रायफलीचं आतलं काम त्यानं बिघडतं. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

पण मी म्हटलं तसं, आधी घेऊच नका. शाळेत किंवा कॉलेजात एनसीसी असेल तर नाव घाला. खेड्यातल्या पोराला रायफल हातात मिळायचा याहून स्वस्त मार्ग मला ठाऊक नाही, आणि शिस्त त्याच्याबरोबर येते. मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीच्याच वाटेनं आल्या आणि २००२ साली १० मीटर एअर रायफलमध्ये जगात पहिल्या क्रमांकावर होत्या. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. कुठल्याही क्लबात सुरुवातीला क्लबच्याच रायफलीवर शिकता येतं का, ते आधी विचारा. मुलुंडच्या पलीकडे ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. कांबळवाडी काय फार मोठं शहर नाही.

भाचा म्हणाला, "मामा, कागदावर काय मजा?" तर कागदाचं माप सांगतो. १० मीटरच्या निशाण्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, ठिपका अर्ध्याचा. बाजरीचा दाणासुद्धा त्याहून मोठा. दहा पावलांवरून पोपट पाडणाऱ्यानं हा ठिपका लागोपाठ दहा वेळा लावून दाखवावा, मग मजेचं बोलू.

आणि माझ्या वाडीत सराव? करू देईन, अटीवर. निशाण्याच्या मागे मातीचा बांध, माणसाच्या उंचीपेक्षा वर. फरशी, दगड, पत्रा मागे नाही, छर्रा उलटून येतो. साध्या एअर रायफलीचा छर्रासुद्धा मोकळ्यावर दोन-तीनशे मीटर जाऊ शकतो, आणि माझ्या कुंपणापासून शेजाऱ्याचं अंगण तेवढं लांब नाही. नळीचं तोंड कायम बांधाकडे, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. कुत्रं आत आलं तरी रायफल खाली. पोपटाकडे नळी वळली त्या दिवशी रायफल माझ्या कपाटात. हे त्याला कळवलंय, दाजींनाही कळवलंय.

पोपटांचं मी माझं बघतो. पेरूला फोमची जाळी आणि वर पिशवी घालतो. मजुरी लागते, पण फळही डागाविना निघतं आणि बोरिवलीच्या बाजारात भाव बरा मिळतो. भातावर दुधाळ अवस्थेच्या दिवसांत चमकणारी फीत ताणतो. ती आठवडाभर चालते, मग पाखरं सरावतात, म्हणून तिची जागा बदलत राहावी लागते. डुकराचा त्रास असलेल्यांनी सौर झटका मशीन बसवावं. घरची लाइन थेट तारेत सोडण्याचा उद्योग कुणीही करू नये, त्यात डुकरापेक्षा माणसं जास्त अडकतात. नुकसान झालं तर वनखात्याकडे भरपाईचा अर्ज करा, पंचनाम्याआधी शेत साफ करू नका, फोटो काढून ठेवा.

घरात रायफल आलीच तर एक करा : रायफल एका कुलुपात, छर्रे दुसऱ्या कुलुपात, दोन्ही किल्ल्या मोठ्या माणसाकडे. कोकणातल्या काकांनाही हेच कळवलंय, त्यांची बंदूक अजून माजघरात खुंटीला लटकते. त्यांचं उत्तर आलेलं नाही.

पेरूच्या जाळीचं माप आणि यंदा पडलेला खर्च पुढच्या नोंदीत टाकतो.